चिल्लरीतले राजे

वऱ्हाडात गुप्तधन नाही असं गाव शोधून सापडायचं नाही. धन कुणी पाहिलेलं नसतं, पण ते नेमकं कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. देशमुखांच्या पडक्या गढीच्या ईशान्य कोपऱ्यात, जुन्या विहिरीच्या कपारीत, नाहीतर वेशीजवळच्या निंबाच्या बुडाशी. त्यावर नाग बसलेला असतो आणि अमावस्येच्या रात्री हंडे जमिनीखालून सरकताना खणखणतात. तो खणखणाट ऐकलेला माणूस हयात नसतो. त्याचा पुतण्या हयात असतो, आणि तो चहा पाजल्याशिवाय पुढचं सांगत नाही.

हे धन पाहायला पूर्वी पायाळू माणूस लागायचा. पायाकडून जन्मलेल्याच्या डोळ्यांत ठरावीक काजळ घातलं की त्याला जमिनीच्या पोटातलं दिसतं, असा समज. आमच्या लहानपणी गावात असा एक पायाळू होता. पायाळूवर वीज पडते असाही समज असल्यामुळे तो मृगापासून हस्तापर्यंत शक्यतो घराबाहेर पडायचा नाही. त्यामुळे त्याला धनही दिसलं नाही आणि त्याची पेरणीही कधी वेळेवर झाली नाही. पण या विषयात सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. कोंबड्यापासून सुरू झालेला बळी माणसापर्यंत गेल्याचे गुन्हे महाराष्ट्रात घडले आहेत, आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत धनाच्या शोधापायी केली जाणारी अघोरी कृत्यं मुद्दाम लिहून ठेवावी लागली आहेत. पायाळूची जागा यंत्राने घेतली हे त्या मानाने बरंच झालं. यंत्राला बळी लागत नाही, हप्ता लागतो.

असं एक हप्त्यावरचं यंत्र मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी आलं. माझा भाचा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो सुटीला आला तोच एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढं कडं आणि गळ्यात हेडफोन अडकवून.

"मामा, मेटल डिटेक्टर आहे," तो म्हणाला.

आम्हाला मेटल डिटेक्टर म्हणजे मोठ्या देवस्थानाच्या दारातली ती चौकट माहीत. तिच्यातून कोणीही गेलं तरी ती वाजते, आणि ती वाजली म्हणून कोणीही कोणाला थांबवत नाही. या यंत्राबद्दलही माझी तेवढीच अपेक्षा होती, आणि ती त्याने पूर्ण केली.

यंत्राची युक्ती तशी साधी आहे. कड्यात तारेचं वेटोळं असतं. त्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह जातो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगातही बारीक प्रवाह फिरू लागतात, आणि ती चाहूल लागून यंत्र वाजतं. नाण्याएवढी वस्तू वीतभर, फार तर दोन वीत खोलीपर्यंत कळते. त्याखाली सोन्याचा हंडा असला तरी यंत्राचं काही म्हणणं नसतं.

या यंत्राच्या पूर्वजाची पहिली मोठी परीक्षाच फसली होती. 1881 साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती अंगात अडकली होती आणि डॉक्टरांना सापडत नव्हती. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल तेव्हा आपलं धातुशोधक उपकरण घेऊन गेले. उपकरण गोंधळल्यासारखं वाजू लागलं, कारण राष्ट्राध्यक्ष ज्या पलंगावर निजले होते त्याच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. त्यात मुख्य डॉक्टरांनी गोळी उजवीकडे आहे असं ठरवून टाकलेलं, म्हणून शोध उजवीकडेच. गोळी डावीकडे होती. राष्ट्राध्यक्ष काही वाचले नाहीत. यंत्रापेक्षा यंत्र कुठे फिरवायचं हे ठरवणारा माणूस जास्त चुकतो, असा या हकिकतीचा अर्थ मी भाच्याला सांगितला. त्याने हेडफोन लावलेला होता.

आमचं वावर काळ्या मातीचं. लाव्ह्याच्या थरांचा बेसाल्ट खडक झाला, तो झिजून ही माती झाली. त्यामुळे तिच्या अंगातच लोहखनिजाचे चुंबकीय कण आहेत, आणि यंत्राला त्या कणांचाच आवाज येतो. भाच्याने बांधावर उभं राहून बटण दाबलं आणि यंत्राने सहा एकर एकदम वाजवून दाखवले. मग तो माती ओळखीची करून घ्यायची बटणं दाबत बसला. आमचे सालदार धुऱ्यावर बसून हे सगळं पाहत होते.

"गुरुजी," ते म्हणाले, "ह्ये पिपाणी कायले वाजून राह्यली?"

"खाली धातू आहे म्हणते."

"मंग अख्ख्या वावरातच हाय म्हना ना. आपल्याले त सोयाबीनचा भाव बी नाही भेटत."

या मातीची आणखी एक खोड आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती, काडीकचरा, खिशातून पडलेला पैसा, सगळं त्या भेगांत जातं. पाऊस आला की भेगा मिटतात आणि आतली माती रेटत वर येते. ही माती स्वतःच स्वतःला नांगरते, असं मातीचे जाणकार म्हणतात. हंडे जमिनीखालून सरकतात असं सांगणाऱ्या आमच्या पूर्वजांना सर्टिफिकेट द्यायची माझी इच्छा नाही, पण काळ्या मातीत ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहीलच याची खात्री कोणी देऊ नये. अमावस्येचा मात्र यात काही संबंध नाही.

शेवटी यंत्र आणि माती यांचं जमलं आणि वस्तू निघू लागल्या. वखराच्या पाशीचा तुकडा. बैलांच्या नाला. ट्रॅक्टरचे नटबोल्ट. मोटारीच्या वायरचं वेटोळं. बाटल्यांची झाकणं इतकी, की आमच्या धुऱ्यावर रात्री काय काय चालतं हे मला या वयात कळलं. आणि एक चुन्याची डबी. ती दिसताच सालदार उठून आले, त्यांनी ती धोतराच्या सोग्याला पुसली, उलटी करून पाहिली.

"हे त माह्या बुढ्याची डबी व्हय."

त्यांचे वडील याच वावरात माझ्या वडिलांकडे होते. त्यांनी डबी कमरेला खोचली आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. संपूर्ण मोहिमेतला हा एकच ठेवा, आणि त्याचा वारसही जागेवरच हजर.

भाचा हिरमुसला. लोखंडाचा कचरा टाळायला यंत्रात सोय असते. ती चालू करून त्याने अंगणात खिशातलं एक रुपयाचं नाणं टाकून पाहिलं. यंत्र गप्प. आपलं हल्लीचं नाणं चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाचं असतं. नदीच्या पुलाखाली पोरं दोरीला चुंबक बांधून पैसे काढतात ती याच्याच जोरावर. पण शोधयंत्राच्या लेखी ते खिळ्यांच्या जातीत जमा झालं. दोन हजार वर्षांनी कोणी आपल्या काळाचा शोध घ्यायला निघालं तर त्यांच्या यंत्रांनी आपल्याला वगळू नये एवढीच प्रार्थना.

त्या रात्री मी त्याला तऱ्हाळ्याची गोष्ट सांगितली. तऱ्हाळा हे आपल्याच मंगरूळपीर तालुक्यातलं गाव. 1939 साली तिथे सुमारे सोळाशे नाणी सापडली. ना यंत्र, ना काजळ, ना पायाळू. भाच्याचे डोळे चमकले. "सोन्याची?" सोन्याची नाहीत. चांदीचीही नाहीत. पोटीन नावाचा एक मिश्रधातू असतो, तांबं, कथील आणि शिसं यांचा. भरड, काळपट आणि स्वस्त. म्हणजे सातवाहन काळातली बाजारहाटाची चिल्लर. भाजी, मीठ आणि मडकी घ्यायला लागायची ती. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती आणि भोवती ब्राह्मी लिपीत प्राकृत नाव. दुसऱ्या बाजूला चार गोल फुलीने जोडलेलं उज्जयिनी चिन्ह.

ही चिल्लर नागपूरला वासुदेव विष्णू मिराशींच्या हाती गेली. मिराशी हा माणूस अक्षरं झिजलेल्या नाण्याशी दिवसभर बोलत बसणारा. त्यांनी एकेक नाणं वाचलं आणि 1940 मध्ये मुद्राशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात ती नावं प्रसिद्ध केली. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी ही बडी मंडळी त्यात होतीच. पण त्यांच्यात कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी असे तिघे निघाले, ज्यांचा पुराणांतल्या वंशावळीत पत्ताच नाही. पुराणकर्त्यांनी सगळ्या आंध्र, म्हणजे सातवाहन, राजांची हजेरी घेतली आणि हे तिघे त्या दिवशी गैरहजर राहिले असावेत. त्यांची नावं शिल्लक राहिली ती कुठल्या तरी वऱ्हाडी माणसाने जमिनीत ठेवलेल्या सुट्ट्या पैशांवर.

मला या गोष्टीतलं सगळ्यांत जास्त आवडतं ते हेच. सगळा जिल्हा मोहरांच्या हंड्याची स्वप्नं पाहतो आणि जिल्ह्याच्या मातीने देताना दिली ती चिल्लर. मोहरांचा हंडा सापडला असता तर तो बहुधा रातोरात वितळून कुणाच्या तरी सुनेच्या गळ्यात गेला असता आणि कुंभ, कर्ण, शक यांचा ठसा मुशीत विरून गेला असता. पोटीन वितळवून कोणाचं भलं होणार? म्हणून ती वाचली.

तेव्हा तऱ्हाळा अकोला जिल्ह्यात होतं. वाशिम जिल्हा वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. त्यामुळे पुस्तकांत हा ठेवा अजून अकोल्याच्या नावावर मांडलेला असतो. अकोल्याने आम्हाला जिल्हा दिला, राजे ठेवून घेतले.

1939 हे साल आमच्यावर एकंदर प्रसन्नच होतं. त्याच वर्षी खुद्द वाशिममध्ये वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात आला. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म. कामसूत्रात इथल्या लोकांच्या चालीरीतींचा उल्लेख आहे, आणि काव्यमीमांसाकार राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं तेही इथेच. कवीला लग्नासाठी एवढ्या भरतखंडात वाशिम सापडावं, हे आमच्या मंगल कार्यालयवाल्यांनी पाटीवर लिहायला हरकत नाही. तर वाकाटकांची एक वेगळी शाखा या वत्सगुल्मातून राज्य करत होती हे त्या ताम्रपटामुळे नक्की झालं. आरंभी वंशावळ संस्कृतात, आणि कोणाला कुठलं गाव दिलं तो कामाचा मजकूर प्राकृतात. सरकारी कागदाची ही रीत तेव्हापासूनची दिसते. आणि गंमत अशी की या वाकाटकांनी स्वतःची नाणी पाडलीच नाहीत, असं जाणकार कित्येक वर्षं म्हणत होते. पुढे विदर्भात तांब्याची बारीक नाणी मिळाली आणि ते मत बदलावं लागलं. तीही चिल्लरच.

लोक पैसे पुरतात कशाला, हा भाच्याचा पुढचा प्रश्न. त्याच्या पिढीचे पैसे हवेत असतात, त्याला ते कळणं अवघड. त्याला कारंज्याचं उदाहरण दिलं. कारंजा लाड म्हणजे सावकारांचं, व्यापाऱ्यांचं गाव. खपत नसलेली कस्तुरी तिथल्या एका धनिकाने विकत घेतली आणि हवेलीच्या चुन्यात कालवली अशी दंतकथा आहे. 1670 च्या अखेरीस शिवाजी महाराजांचं सैन्य सुरतेच्या लुटीनंतर वऱ्हाडात उतरलं आणि कारंज्यावर आलं. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिलेली हकीकत अशी, की चार हजार बैल आणि गाढवं भरून सोनं, चांदी आणि उंची कापड नेलं. गावातले सगळे धनिक खंडणीसाठी धरले गेले, त्यांतला सर्वांत बडा तेवढा बाईचं सोंग घेऊन निसटला. मराठे बायकांच्या वाटेला जात नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शत्रूच्या चारित्र्यावर एवढा विश्वास टाकून लुगडं नेसणारा माणूस मला तरी दुसरा माहीत नाही. तर अशा काळात परसात खड्डा खणणं ही त्या वेळची बँक. त्या बँकेत पासबुक नसतं. मालक परत आला तर काढणार, नाही आला तर ठेवा. वाशिमचा बालाजीसुद्धा धामधुमीच्या काळात जमिनीत दडवलेला होता आणि पुढे सापडला अशी कथा सांगतात, मग भोसल्यांचे दिवाण भवानी काळूंनी मंदिर बांधलं. जिथे देवांना पुरून राहावं लागलं तिथे पैशांचं काय.

पैसे दडवण्यातला बायकांचा वाटा इतिहासकार कमी सांगतात. 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री आठ वाजता पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्याचं भाषण झालं, तो माझ्या पाहण्यातला सर्वांत प्रभावी शोधयंत्राचा प्रयोग. आमच्या हिने नऊ वाजता उडदाच्या डाळीचा डबा परातीत उलटा केला. चाळीस वर्षांच्या संसारात त्या डब्याशेजारून मी रोज गेलो होतो.

भाच्याने मग मोबाईलवर इंग्लंडची उदाहरणं काढली. तिकडे हा रीतसर छंद आहे. त्यांतलं हॉक्स्नेचं उदाहरण मला फार पटलं. 1992 साली सफोक परगण्यातल्या त्या गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने ओळखीच्या एका निवृत्त माळ्याला यंत्र घेऊन बोलावलं. हातोडा शोधता शोधता रोमन काळाच्या अखेरची सुमारे 15,000 सोन्या-चांदीची नाणी आणि दागिने लागले. माळी शहाणा. थोडं उकरल्यावर थांबला आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले आणि त्यांनी सगळं होतं तसं, पेटीच्या खुणांसकट उचललं. दोघांना मिळून साडेसतरा लाख पौंड मिळाले. पुढे हातोडाही सापडला आणि तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आमच्याकडे हातोडा हरवला की शेजाऱ्याकडे सापडतो, त्यामुळे म्युझियमची वाढ होत नाही.

त्या माळ्याचं थांबणं हीच या सगळ्यातली खरी विद्या. ठेव्याचं वय त्यातल्या सर्वांत धाकट्या नाण्यावरून ठरतं, आणि कोणता राजा कोणाच्या मागचा हे सगळी नाणी एकत्र पाहिल्यावर कळतं. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता. त्या राशीवरून कोणी कोणाला हरवलं हे शाळेतलं पोरही सांगेल. तीच नाणी एकेक करून चोरबाजारात गेली असती तर प्रत्येकाच्या हाती एक कुतूहल आलं असतं, लढाईचा निकाल कोणालाच कळला नसता. यंत्र घेऊन जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावर रात्री फिरणारे, नाणं उपसून खड्डा तसाच टाकणारे लोक मला म्हणूनच आवडत नाहीत. संरक्षित स्थळावर परवानगीवाचून खणणं हा 1958 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण तो नसता तरी मी त्यांना घरी चहाला बोलावलं नसतं. पायाळू निदान पावसात तरी घरी बसायचा.

भाच्याने यंत्र पुण्याला परत नेलं नाही. ते आमच्या माळ्यावर आहे, आणि हप्ते अजून चालू आहेत.

तुम्हाला मात्र नांगरताना, पायवा खणताना किंवा पहिल्या पावसानंतर एखाद्या टेकाडावर खरोखरच काही लागलं, तर एवढं करा. चिंच-मीठ लावून घासू नका. त्या घासण्यात एखादा कुंभ सातकर्णी कायमचा जाईल. हात थांबवा, जागा लक्षात ठेवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. निखात निधीचा, म्हणजे पुरलेल्या धनाचा, कायदा 1878 चा आहे आणि तुम्हाला वाटतो तेवढा कंजूष नाही. कौटिल्य सापडवणाऱ्याला सहावा हिस्सा देऊन वाटेला लावायचा. हा कायदा बेवारस ठेव्याचे तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि चौथा जागेच्या मालकाला देतो. सरकारला तो स्वतःकडे हवा असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश मोजतं. लपवलं तर हिस्सा जातोच, वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ठेवा दहा रुपयांहून अधिक किमतीचा असला की कळवणं बंधनकारक, असं त्यात लिहिलं आहे. कायदा 1878 चा आणि आकडाही 1878 चा. दहा रुपयांत आमच्या बसस्थानकावर एक चहा येतो. तेव्हा चहापेक्षा महाग काहीही सापडलं, तर कळवा.